भिरभिरं विरुद्ध मी

४ जानेवारी

ही डायरी औषधकंपनीच्या माणसाने मोठ्या सरांना दिली. सरांकडे तशा बऱ्याच झाल्या होत्या, म्हणून त्यांनी ती पेन्सिलला दिली, आणि पेन्सिलने मला. पेन्सिल म्हणजे आमच्या मुलांच्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण. अंगाने तशीच, आणि अंबाड्यात कायम एक पेन्सिल खुपसलेली. तोंडावर मी तिला मॅडम म्हणते.

चौथीनंतर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, ते आता आठवत नाही. अक्षर मात्र चांगलं आहे.

यंदाचे निश्चय. चिडायचं नाही. कोणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. नणंदेशी गोड वागायचं, निदान फोनवर.

लसीच्या खोलीत आज एका बाईने मूल पायाकडून पुढे केलं, जसं काही मी त्याला चपला घालणार होते. चिडले. पण ते धरायचं नाही. चिडले सकाळी, निश्चय केला संध्याकाळी.

८ जानेवारी

मोठी बातमी. पेन्सिल पेपर लिहिणार आहे. आपण वाचतो तो पेपर नव्हे. डॉक्टरांची वेगळी मासिकं असतात, त्यांना जर्नल म्हणतात. त्यात डॉक्टरच लिहितात आणि डॉक्टरच वाचतात. सिस्टर म्हणाली, वाचत कोणी नाही, लिहितात मात्र सगळे. सिस्टर म्हणजे आमची टोचणारी. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे जगाबद्दल तिचं मत चांगलं नाही.

पेपर छापून आला तर पेन्सिलची नेमणूक पुढे चालू राहणार. नाही आला तर वर्ष संपताना तिने सामान आवरायचं. मोठ्या सरांनी तसं तोंडावर सांगितलंय. पोरगी वाईट नाही, फक्त जेवत नाही.

विषय काय, तर लस टोचताना मूल कमी रडावं म्हणून काय करता येईल. मला हसूच आलं. अहो, मला विचारा की. इतकी वर्षं सिस्टर टोचते आणि मूल मी धरते. आईच्या हातात मूल ठेवलं तर त्याच्याआधी तीच रडायला लागते.

विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण हे कामाचं बोलणं होतं, त्यामुळे ते मोडलं असं होत नाही. बोलले. पेन्सिलने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मावशी, ह्या अभ्यासात तुम्ही फार महत्त्वाच्या आहात.

लिहून ठेवते. फार महत्त्वाच्या.

११ जानेवारी

कसं करायचं ते आज समजावलं.

पेन्सिलने रंगीत कागदाची भिरभिरी आणली आहेत. काडीवरची, फुंकर मारली की फिरणारी. काही मुलांसमोर मी भिरभिरं फिरवायचं आणि बाकीच्यांना नुसतं धरायचं. कोणाला काय, हे आधी कोणालाच माहीत नाही. मूल आलं की एक बंद पाकीट फोडायचं. आत चिठ्ठी. एक तर ‘भिरभिरं’, नाही तर ‘नुसतं धरणं’.

पेन्सिल दाराबाहेर स्टूल टाकून बसणार, हातात स्टॉपवॉच, दार बंद. मूल किती वेळ रडलं ते नुसतं कानाने मोजणार. आत येणार नाही. का, तर कोणत्या मुलाला काय मिळालं हे तिला दिसलं, तर तिचं मन भिरभिऱ्याकडे झुकेल. मी म्हटलं, म्हणजे तुमचा स्वतःवरच विश्वास नाही. म्हणाली, अजिबात नाही मावशी, त्यालाच तर अभ्यास म्हणतात.

हिची नोकरी टिकायची कशी.

नियमही सांगितले. ‘नुसतं धरणं’ निघालं तर गाणं नाही, बोलणं नाही, खेळणं नाही, टाळी नाही, चुटकी नाही. मोठे सर मुद्दाम येऊन तेच पुन्हा सांगून गेले. मला एकदा सांगितलेलं कळतं.

१२ जानेवारी

ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही. वरचे पुढचे दात माझे नाहीत. ओल्या फरशीवर पडले होते. फरशी मीच पुसलेली होती, पण त्याचा इथे संबंध नाही. तेव्हापासून छोटी कवळी आहे. घरात ह्यांना आणि सुनेला माहीत आहे. नणंदेला नाही, आणि कळता कामाही नये. तिला कवळी बसली तेव्हा मी भर पाहुण्यांत जे बोलले होते, ते तिच्या लक्षात आहे. माझ्याही आहे. बोलले मात्र झकास होते.

तर टोचायच्या वेळी ती कवळी मी जिभेने पुढे ढकलते. दात ओठांच्या बाहेर येतात, थांबतात, परत आत जातात. समोरचं मूल बघतच राहतं. असं कोणी केलेलं त्याने जन्मात पाहिलेलं नसतं. सुई जाऊन येते आणि ते अजून दातांचाच विचार करत असतं. आवाज शून्य. आईला दिसत नाही, कारण आया तेव्हा डोळे घट्ट मिटून घेतात. सिस्टरला माहीत आहे, पण ती म्हणते, मला टोचायला ठेवलंय.

१८ जानेवारी

अभ्यास सुरू. पहिलं पाकीट, भिरभिरं. एका हाताने मूल आवळलं, दुसऱ्या हातात काडी, फुंकर मारतेय. मुलाने भिरभिऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ठणाणा सुरू केला.

दुसरं पाकीट, नुसतं धरणं. गोल डोक्याचं गुबगुबीत पोर. धरलं. त्याचा खालचा ओठ पुढे आला, थरथरला. मी नियम आठवले. गाणं, बोलणं, खेळणं, टाळी, चुटकी. दातांचं कोणीही काहीही बोललेलं नव्हतं. आणि दात म्हणजे काही खेळणं नव्हे. मी ते दुकानातून पोरांसाठी आणलेले नाहीत.

दात बाहेर. पोर गप्प. सुई आली, गेली. बाहेर पेन्सिल घड्याळ धरून बसली ती बसलीच.

भिरभिऱ्याच्या मुलांना दात दाखवता येत नाहीत. फुंकर मारायची म्हणजे तोंड गुंतलेलं. त्याला माझा इलाज नाही.

२७ जानेवारी

छान चाललंय. भिरभिरं घसा फाडून रडतं, नुसतं धरणं शांत. नुसतं धरणं म्हणजे माझा गट. आज सिस्टरला म्हटलं, आपला गट पुढे आहे. ती म्हणाली, ही काय रस्सीखेच आहे का. मी म्हटलं, मग दोन गट केलेच कशाला.

संध्याकाळी कपडे वाळत घालताना विचार केला. पेपरात शेवटी काय छापून येणार? की भिरभिरी आणा, रंगीत कागद आणा, ह्याची काही गरज नाही. मूल नीट धरणारं माणूस पाहिजे. आणि ते माणूस कोण, हे सांगावं लागेलच.

५ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. तिच्या जावयाचा फोटो पेपरात आलाय. साध्या पेपरात. कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनाला हा मागे उभा होता, अर्धा कान दिसतोय. तो कान तिने मला तीनदा समजावून सांगितला.

गोड वागले. मग म्हटलं, माझंही नाव येतंय. इंग्रजी पेपरात, डॉक्टर लोकांच्या, परदेशात सुद्धा जातो. पलीकडे फोन बंद पडला की काय असं वाटलं. मग म्हणाली, तू काय केलंस? मी म्हटलं, संशोधन.

ह्यांना सांगून हॉलमध्ये खिळा ठोकून घेतला. फ्रेमसाठी. हे म्हणाले, आधी पेपर तर येऊ दे. ह्यांचं कायम असंच. मी रेशीम म्हटलं की हे सुतळी म्हणतात.

१६ फेब्रुवारी

पेपर इंग्रजीत, म्हणजे नाव इंग्रजीत. आपलंच नाव आपल्याला वाचता येऊ नये हे बरं दिसत नाही. सुनेला शिकवायला सांगितलं. ती कॉलेजात इंग्रजीच शिकवते. म्हणाली, आई, आधी ए बी सी डी पासून करू या. मी म्हटलं, तेवढा वेळ नाही, माझ्या नावात लागतात तेवढीच अक्षरं दे.

दिली. त्यातलं एक अक्षर फार वाकडं आहे. ते टाळता येईल का विचारलं. नाही म्हणाली.

९ मार्च

पेन्सिलला सरळ विचारलं, पेपरवर नावं कोणाकोणाची. म्हणाली, पहिलं माझं, शेवटचं मोठ्या सरांचं. मी म्हटलं, सर शेवटी कसे? म्हणाली, शेवटची जागा मानाची असते. बरोबर आहे, सर प्रत्येक कामाला शेवटीच येतात.

म्हटलं, आणि मध्ये? म्हणाली, मध्ये ज्यांनी काम केलं ते. मी तिथेच उभी राहिले. ती म्हणाली, बघू हं मावशी.

मधली जागा माझी. मध्येच बरं. दोन्हीकडून आधार.

१२ एप्रिल

शेवटचं पाकीट फोडलं. वाईट वाटलं. उरलेलं एक भिरभिरं घरी आणलं, सुनेने ते कुंडीत खोचलं.

सहीचा सराव चालू आहे. वाकडं अक्षर आता बऱ्यापैकी सरळ येतं. सून म्हणते, ते वाकडंच बरोबर होतं.

२३ एप्रिल

पेन्सिलने कॉम्प्युटरवर सगळा हिशेब लावला. दुपारभर खोलीतून बाहेर आली नाही. मी चहा घेऊन गेले तर पडद्याकडे एकटक बघत होती. विचारलं, कोण जिंकलं. म्हणाली, मावशी, भिरभिऱ्याने मुलं जास्त रडली. असं होऊच शकत नाही. जगात कुठेच असं झालेलं नाही. फार तर फरक पडत नाही इतकंच म्हणता येतं, पण भिरभिऱ्याने रडू वाढतं?

मी म्हटलं, आकडे बोलतायत ना, मग बोलू द्या.

खरं तर तिच्या पाठीवर हात ठेवून सांगावंसं वाटत होतं की बाई, माझ्या हाताला गुण आहे, तो मान्य कर आणि मोकळी हो. पण मोठेपणा मिरवणं माझ्या स्वभावात नाही.

मोठे सर मात्र खूश. म्हणाले, सगळ्यांपेक्षा उलटं आलंय ना, मग छापतील. लगेच पाठव.

१५ मे

पाठवलं. मोठ्या जर्नलला. मी पेन्सिलला म्हटलं, छापायला टाकताय तर जरा जाड कागदावर टाका, फ्रेम करायची आहे. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

१७ मे

परत आलं. दोन दिवसांत. एवढ्यात तर धोबीसुद्धा कपडे परत देत नाही. वाचलं तरी असेल का? पेन्सिल म्हणाली, फार छान पत्र आहे, नाही म्हणताना ते लोक फार छान लिहितात.

दुसऱ्या जर्नलला पाठवलं.

२१ जून

दुसऱ्या जर्नलचं उत्तर. नाही म्हणाले नाहीत. पण त्यांच्याकडे रिव्ह्यूअर नावाची माणसं असतात. दुसऱ्याचा पेपर वाचून खुसपटं काढायची, आणि स्वतःचं नाव सांगायचं नाही. निनावी पत्रं लिहिणारा आमच्या गल्लीतही एक होता. त्याला कोणी रिव्ह्यूअर म्हटलं नाही. त्याच्या घरी जाऊन मी विचारून आले होते.

ह्या रिव्ह्यूअरांतला एक बरा आहे. दुसरा हात धुऊन मागे लागलाय. त्याने विचारलंय, नुसतं धरलेली मुलं इतकी कमी कशी रडली? धरणाऱ्या व्यक्तीने नक्की काय केलं, ते तपशीलवार लिहा.

पेन्सिलने समोर खुर्ची ओढली आणि विचारलं. मावशी, आठवून सांगा. बोललात? नाही. गुणगुणलात? नाही. काही हलवलंत, वाजवलंत, दाखवलंत?

दाखवलंत म्हटल्यावर जरा थांबले. पण विचार केला, सांगितलं तर हे छापणार. छापलं तर फ्रेममध्ये येणार. फ्रेम हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये नणंद. आणि कलावंत आपली हातोटी सांगत बसत नाही.

म्हटलं, नुसतं धरलं.

तिने तसं लिहून घेतलं. सिस्टर कापसाचे बोळे करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत कापसाकडे पाहिलं.

खोटं म्हणता येणार नाही. धरलं तर होतंच.

८ जुलै

त्या दुसऱ्याचं समाधान होत नाही. म्हणतो, थोडी मुलं परत घ्या, आणि ह्या वेळी कोणीतरी आत उभं राहून बघा. मोठे सर म्हणाले, मीच उभा राहतो. पेन्सिलने हात जोडून मला सांगितलं, मावशी, ह्यावर सगळं आहे. हे झालं की छापतील. माझी मुदत डिसेंबरात संपतेय.

निश्चय. सरांसमोर दात काढायचे नाहीत. नुसतं धरायचं. माझ्या हाताला गुण आहेच, दात हे वरवरचं.

११ जुलै

जसं घडलं तसं लिहिते.

सर खोलीत कोपऱ्यात उभे. पेन्सिल नेहमीसारखी दाराबाहेर. पहिलं पाकीट, नुसतं धरणं. नुसतं धरलं. पोराने छत डोक्यावर घेतलं. दुसरं पाकीट, तेच. ती मुलगी तर टोचण्याआधीच सुरू झाली आणि आई तिला घेऊन गेटपर्यंत पोचली तरी ऐकू येत होती. सर वहीत काहीतरी लिहीत होते. माझा गट सरांच्या डोळ्यांदेखत हरत होता. इतक्या महिन्यांची माझी मेहनत.

तिसरं पाकीट, नुसतं धरणं. अंगाने मोठं, हुशार डोळ्यांचं पोर. सर खाली बघून लिहीत होते. एकदाच, म्हटलं. जरासेच.

दात बाहेर. पोराचा चेहरा उजळला. आणि त्याने हात पुढे केला, कवळी पकडली, ओढली आणि भिरकावली.

ती गेली ती सरळ सिस्टरच्या ट्रेच्या काठावर आपटून स्पिरिटच्या कापसात. ठण्ण. पोर खदाखदा हसायला लागलं. सुई टोचून झाली होती, त्याला पत्ताही नाही. आईने डोळे उघडले. पेन्सिलने बाहेरून ऐकलं की लस टोचल्यावर मूल हसतंय, आणि ती नियम मोडून दार उघडून आत आली.

सरांनी चिमट्याने कवळी उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, हे काय आहे?

सिस्टर म्हणाली, सर, हे नुसतं धरणं.

सहा महिन्यांत सरांसमोर ती एवढं एकच वाक्य बोलली, आणि तेही नेमकं तेव्हा.

पेन्सिल माझ्याकडे बघत राहिली. मग हळू विचारलं, मावशी, प्रत्येक मुलाला? मी तोंडावर पदरासारखा एप्रन धरून सांगितलं की भिरभिऱ्याच्या एकाही मुलाला नाही. तिथे मी पूर्ण प्रामाणिक होते. नियम पाळूनच.

पेन्सिल आयांच्या बाकावर बसली. अंबाड्यातली पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं, परत खोचली.

१३ जुलै

सर म्हणाले, पेपर गुपचूप मागे घे, कोणाला काही कळणार नाही. पेन्सिल नाही म्हणाली. म्हणाली, त्या लोकांना ‘नुसतं धरलं’ असं माझ्या सहीने कळवलंय. आता खरं काय ते माझ्याच सहीने कळवणार.

चहा नेला तर डोळे लाल. मी म्हटलं, अहो, मुलं रडली नाहीत ना? मग बिघडलं कुठे. ती म्हणाली, मावशी, भिरभिऱ्याने रडू कमी होतं की नाही, एवढंच मला शोधायचं होतं. ते आता कळणार नाही. शंभरावर आयांनी विश्वासाने मुलं दिली, मी महिनोन्‌महिने त्या स्टुलावर बसले, आणि मला काय कळलं? काही नाही.

काही नाही कसं, लस तर मिळाली सगळ्यांना. पण बोलले नाही. ह्या वर्षात न बोलल्याची ही पहिलीच वेळ, नोंद असावी.

तिने चहा मात्र घेतला. बिस्किटही.

२६ जुलै

शांतपणे विचार केला. सगळं माझ्या बाजूचंच आहे. भिरभिरं हरलं, दात जिंकले. आता ह्यांना छापायचं असेल तर मला बाजूला ठेवून चालणारच नाही. आधी मधली जागा होती, आता कदाचित पहिली. पेन्सिलला हरकत नसावी. तिला शेवटची देऊ, मानाची.

कवळी स्पिरिटची चव देते अजून.

२० ऑगस्ट

मी म्हटलंच होतं! जर्नलच्या संपादकाचं पत्र आलंय. मोठा पेपर नाही छापणार, पण पेन्सिलने जे खरं ते सगळं कळवलं, ते त्याला फार आवडलं. एक पानभर छापणार. असे अभ्यास करणाऱ्या बाकीच्या डॉक्टरांना उपयोग होईल म्हणे. सर म्हणाले, एक पान तर एक पान, छापलेलं धरतात. पेन्सिलला आणखी एक वर्ष मिळणार. कोणामुळे, ते मी बोलत नाही.

३ सप्टेंबर

पेन्सिल एक कागद घेऊन आली. मावशी, जर्नलला तुमची सही लागते. ती बरंच काही समजावून सांगत होती, पण बाहेर वजनाच्या काट्याशी भांडण लागलं होतं आणि मला घाई होती. म्हटलं, द्या इकडे.

इंग्रजीत सही केली. पूर्ण नाव. वाकडं अक्षर वाकडंच काढलं. पेन्सिल थक्क झाली. म्हणाली, मावशी, इंग्रजीत! मी म्हटलं, लेखकाला एवढं यायला नको?

ती काहीतरी बोलणार होती, पण काट्याशी मारामारीवर आलं होतं.

१० सप्टेंबर

नणंदेला पुढच्या महिन्यात चहाला बोलावलं. फोनवर इतकी गोड बोलले की तिने विचारलं, तब्येत बरी आहे ना.

फ्रेम आणली. जाड, सोनेरी काठाची. हे म्हणाले, रिकामी लावू का तोवर. रिकामी तर रिकामी, पण नको म्हटलं. नजर लागते.

१८ ऑक्टोबर

छापून आलं. पेन्सिलने एक प्रत मला दिली, वर पेन्सिलने लिहिलंय, मावशींना, प्रेमाने. दोन्ही हातांनी दिली. रस्त्याने येताना पिशवीत दुमडू नये म्हणून छातीशी धरून आणली.

नणंद येईपर्यंत पाकिटातून काढली नाही.

चहा ठेवला, बिस्किटं ठेवली. नणंद सोफ्यावर, हे खुर्चीत, फ्रेम टेबलावर उघडून तयार. सुनेला म्हटलं, वाच, आणि लगेच मराठीत सांग. आधी नावं.

सुनेने दोन नावं वाचली. पेन्सिल आणि मोठे सर. मी म्हटलं, मधलं? ती म्हणाली, आई, मध्ये स्वल्पविराम आहे.

म्हटलं, खाली असेल. सुनेने खाली पाहिलं. आभार होते. आयांचे, मुलांचे, सिस्टरचे, आणि ज्या दुकानाने भिरभिरी फुकट दिली त्याचे. नणंद म्हणाली, दुकानाचे सुद्धा? आणि बिस्किट बुडवलं.

मी म्हटलं, अगं मधे कुठेतरी असेल, मी सही दिली आहे. सून मधलं वाचत होती आणि वाचता वाचता हळू होत गेली. म्हणाली, आई, आहे. पण हे आपण मग वाचू या का? मी म्हटलं, मग कशाला, आत्ता वाच, मोठ्याने.

तिने वाचलं. अभ्यासात काय चुकलं, ह्या मथळ्याखाली. ‘मुलांना धरणारी मदतनीस, वय पन्नाशीच्या आसपास, फक्त नुसतं धरण्याच्या गटात, प्रत्येक मुलासमोर आपली वरची काढता-घालता येणारी कवळी जिभेने पुढे-मागे करत होती. हे संशोधकांना माहीत नव्हतं. हे वर्णन छापण्यास त्या व्यक्तीची लेखी परवानगी आहे.’

तर सही त्याची होती.

नाव नाही आलं. दात आले.

ह्यांना खोकला आला, खरा होता की कसा, देव जाणे. नणंद पुढच्या दातांनी सावकाश बिस्किट तोडत माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळं बिस्किट संपेपर्यंत. मग उठली, पर्स घेतली आणि दारात वळून म्हणाली, किती वर्षं झाली गं?

मी म्हटलं, कशाला?

ती म्हणाली, माझी पूर्ण आहे, तरी मी कधी कुणाला काढून दाखवली नाही. आणि गेली.

२० ऑक्टोबर

गोड वागण्याचा निश्चय रद्द. तिचा रोज फोन येतो. कोणा ना कोणासाठी तो परिच्छेद मागते.

१४ नोव्हेंबर

पेन्सिलला वर्ष वाढवून मिळालं. पेढा नाही, बिस्किट नाही, नुसतं सांगायला धावत आली आणि मला घट्ट मिठी मारली. हाडं टोचली. म्हटलं, जेवत जा.

नवा अभ्यास करणार आहे. परत भिरभिरं, परत पाकिटं. मी म्हटलं, ह्या वेळी मी खरंच नुसतं धरीन, तोंड मिटून. ती म्हणाली, मावशी, मला माहीत आहे तुम्ही धराल. पण सर म्हणतात, कोणीतरी असं हवं जे काहीच करणार नाही. कँटीनमधल्या बाईंना घेतलंय. काहीच न करण्यात त्या तयार आहेत, हे सगळा दवाखाना सांगेल.

मला वजनाच्या खोलीत पाठवलं.

२ डिसेंबर

वजनाची खोली लसीच्या खोलीला लागूनच आहे. भिंत पातळ. भिरभिऱ्याचं मूल कोणतं नि नुसत्या धरण्याचं कोणतं, ह्या बाजूने काही कळत नाही. सारखीच रडतात.

वजनाला मुलं रडत नाहीत. काट्यात ठेवलं की बघत राहतात. दातांची गरज पडत नाही.

हॉलमधल्या खिळ्याला ह्यांनी छत्री अडकवली आहे. नीट बसते.